बाहुली बोलती राहावी म्हणून...



कलावंत जातो, पण कला मागे उरते, असे आपण सहज बोलून जातो. चित्रकार गेला तरी चित्र भिंतीवर राहते. गायक गेला तरी त्याच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजत राहतात. परंतु काही कला अशा आहेत की, त्यांचे साहित्य तेवढे मागे राहते आणि कला मात्र कलावंताच्या श्वासाबरोबर निघून जाते. बोलक्या बाहुल्यांचा खेळ ही त्यांपैकीच एक. कलावंताच्या पश्चात बाहुली जशीच्या तशी असते. तिचे डोळे फिरतात, जबडा हलतो, अंगावरचा कोट टिकून असतो. पण ती बोलत नाही. तिचा आवाज ज्याच्या कंठात होता, तो माणूसच उरलेला नसतो.

अमेरिकेत एडगर बर्गन नावाचे विख्यात शब्दभ्रमकार होऊन गेले. त्यांचा ‘चार्ली मॅकार्थी’ हा लाकडी बाहुला नभोवाणीवरून वर्षानुवर्षे घराघरांत ऐकला जात होता. जी कला पाहायची, ती लोक कानांनी अनुभवत होते. एवढे त्या बाहुल्याचे व्यक्तिमत्त्व जिवंत होते. १९७८ साली बर्गन गेले आणि चार्ली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाचा रहिवासी झाला. त्याच देशात केंटकी राज्यातील फोर्ट मिचेल या गावी ‘व्हेंट हेवन’ नावाचे एक संग्रहालय आहे. दिवंगत शब्दभ्रमकारांच्या शेकडो बाहुल्या तेथे खुर्च्यांवर रांगेने बसवून ठेवलेल्या आहेत. जतन उत्तम, नोंदी चोख. पण सगळी सभा अबोल!

या पार्श्वभूमीवर आपल्या महाराष्ट्रातील एका बाहुल्याकडे पाहिले म्हणजे मन आश्चर्याने थक्क होते. त्याचे नाव अर्धवटराव. त्याला घडवणारे यशवंत केशव पाध्ये केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले; पण अर्धवटराव बोलायचे थांबले नाहीत. यशवंतरावांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी त्यांना आवाज दिला आणि पुढे रामदासांच्या पुत्रांनीही हे व्रत उचलले. जन्मदात्याच्या मृत्यूनंतरही बाहुला बोलता राहिला, हे कसे घडले? यासाठी कोणाला काय करावे लागले? आजचा विषय खरे म्हणजे एवढाच आहे.

सूत्र आणि सूत्रधार

बाहुल्यांचा खेळ आपल्या देशाला नवा नाही. राजस्थानची कठपुतळी, आंध्रातील तोलु बोम्मलाट, केरळात देवीच्या मंदिरांपुढे रामकथा सांगणारे तोलपावकूत्तु, ओडिशाची रावणछाया, कर्नाटकातील गोंबेयाट अशी ही मालिका भारतभर पसरलेली आहे. नाटकाचा प्रारंभ करणाऱ्याला आपण ‘सूत्रधार’ म्हणतो. तो शब्द मुळात बाहुल्यांची दोरी हाती धरणाऱ्यावरूनच आला असावा, असे मत जर्मन पंडित पिशेल यांनी मांडले होते. ते सर्वांना मान्य झाले नाही. पण असा तर्क करावासा वाटला, यातच या कलेचे प्राचीनत्व दिसते. आपल्या संतांनीही जीव आणि ईश्वर यांचा संबंध समजावताना कळसूत्री बाहुल्यांचा दृष्टान्त दिला. तो समजायला श्रोत्यांनी खेळ पाहिलेला असला पाहिजे. म्हणजेच तो खेळ गावोगावी होत असला पाहिजे.

मात्र कलावंत रंगमंचावर उघडपणे बसलेला, मांडीवर बाहुला आणि दोघांचा संवाद चाललेला, हा शब्दभ्रमाचा प्रकार आजच्या रूपात आपल्याकडे आला तो पाश्चात्त्य रंगमंचावरून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यशवंत पाध्ये यांनी तो आत्मसात केला. जादूचे प्रयोग करणाऱ्या या गृहस्थाने एका परक्या कलेला मराठी घरात आणले, एवढेच करून ते थांबले असते, तर त्यांचे नाव एखाद्या तळटीपेत राहिले असते. त्यांनी याहून मोठे काम केले. त्यांनी बाहुल्याला मराठी स्वभाव दिला.

‘अर्धवटराव’ या नावाकडेच पाहा. ‘अर्धवट’ म्हणजे डोक्याने थोडा कमी. आणि त्यालाच पुढे मानाचा ‘राव’ जोडलेला! मूर्खाला आदरार्थी संबोधण्याची ही खास मराठी खोडी आहे. जोडीला पत्नी आवडाबाई. दोघांची जुंपली की प्रेक्षकांना आपल्याच चाळीतील, आपल्याच वाड्यातील बिऱ्हाड दिसू लागते. संस्कृत नाटकातील विदूषक, तमाशातील सोंगाड्या आणि हा अर्धवटराव ही एकाच कुळातील मंडळी आहेत. शहाण्यांनी जे बोलायचे नसते, ते यांनी बोलायचे. कला बाहेरून येऊ शकते; परंतु ती इथल्या मातीत रुजायची असेल, तर तिला इथलेच नाव, इथलेच बोल आणि इथलाच विनोद घ्यावा लागतो. यशवंतरावांना हे मर्म कळले होते. १९६३ साली आलेल्या ‘अकेली मत जइयो’ या हिंदी चित्रपटात ते आपल्या अर्धवटरावांसह पडद्यावर दिसले.

ओष्ठ्य वर्णांची कसोटी

शब्दभ्रमकार पोटातून बोलतो, असा एक समज आहे. कुणी म्हणतात, तो आवाज दूर ‘फेकतो’. वस्तुस्थिती वेगळी आहे. आवाज कंठातूनच निघतो, तो दूर कोठेही जात नाही. कलावंत ओठ किंचित विलग ठेवून स्थिर राखतो आणि जीभ, टाळू व घसा यांच्या साहाय्याने सगळे उच्चार साधतो. त्याच वेळी हाताने बाहुल्याचा जबडा अक्षराअक्षराला अचूक हलवतो. आपला कान डोळ्याचे ऐकतो. जे तोंड हलते, तेथूनच आवाज येतो असे मन ठरवून टाकते. म्हणूनच या कलेला ‘शब्दभ्रम’ हे नाव चपखल बसते.

अडचण येते ती ओष्ठ्य वर्णांपाशी. प, फ, ब, भ, म ही अक्षरे ओठाला ओठ लागल्याशिवाय उमटत नाहीत, असे आपले व्याकरणशास्त्र सांगते. आणि शब्दभ्रमकाराला तर ओठ मिटण्याची बंदी! मराठीत पहा, ‘बाबा’, ‘मामा’, ‘आपण’, ‘भाऊ’, ‘माफ’ असे शब्द पावलोपावली येतात. मग जिभेच्या टोकाने वा मागच्या भागाने जवळचा दुसरा वर्ण असा उच्चारायचा की, ऐकणाऱ्याला तो ‘प’ किंवा ‘म’च वाटावा. शब्द सफाईदार हवा, वेग नेहमीच्या बोलण्याचा हवा आणि चेहऱ्यावर कष्टाची छटाही उमटता कामा नये. उलट, बाहुला बोलत असताना कलावंताने ऐकणाऱ्याचा चेहरा करायचा. त्याच्या उत्तराने चकित व्हायचे, कधी ओशाळायचे. एकाच माणसाने एकाच क्षणी वक्ता आणि श्रोता व्हायचे, दोन आवाज, दोन स्वभाव आणि दोन गती सांभाळायच्या. गायकाला जसा रियाज, तसा याला आरसा. आरशासमोर तासन् तास बसल्याशिवाय ही विद्या वश होत नाही.

आणखी एक गोष्ट या कलेत अंतर्भूत आहे, ती म्हणजे पराभव. प्रत्येक प्रयोगात जिंकतो तो बाहुला. धन्याला तो टोमणे मारतो, त्याची फजिती करतो आणि टाळ्या घेतो. स्वतः घडवलेल्या लाकडाच्या तुकड्याकडून रोज चारचौघांत हरणे आणि त्या हरण्यातच आपला विजय मानणे, ही वृत्ती अंगी बाणवणे ओठ स्थिर ठेवण्यापेक्षाही कठीण आहे.

वारसा म्हणजे काय?

रामदास पाध्ये यांनी बालवयातच वडिलांकडे हे धडे गिरवले. १ मे १९६७ रोजी मुंबईत त्यांचा पहिला जाहीर प्रयोग झाला. शिक्षणाने ते यंत्र अभियंता. त्या काळी अभियांत्रिकीची पदवी म्हणजे मध्यमवर्गीय घराच्या स्थैर्याची हमी होती. बाहुल्या खेळवणे हा तर छंद समजला जाई. फार तर गणेशोत्सवातील किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातील तासाभराची करमणूक. अशा वेळी हाती पदवी असताना बाहुल्यांनाच आयुष्याचा व्यवसाय मानणे, हा निर्णय किती धाडसाचा होता, हे आज सांगूनही कदाचित पटणार नाही.

परंतु ती पदवी वाया गेली नाही. बोलकी बाहुली म्हणजे एक छोटे यंत्रच असते. मानेतून आत गेलेला दांडा, त्यावर बसवलेल्या खटक्या, दोऱ्या, स्प्रिंगा; एका बोटाने जबडा, दुसऱ्याने डोळे, तिसऱ्याने भुवया. डोके जड झाले तर मनगट भरून येते, हलके केले तर झटके सोसत नाही. कळ कुरकुरली तर सारा भ्रम संपला! येथे सुतार हवा, शिल्पकार हवा, रंगारी हवा, शिंपी हवा, लेखक हवा, नट हवा. आणि हे सगळे बहुधा एकाच माणसाने व्हायचे असते. रामदासांना या कामी पत्नी अपर्णा पाध्ये यांची साथ लाभली. त्या स्वतःही उत्तम बाहुलीकार. त्यामुळे या घरात बाहुल्या हा एकट्याचा नाही, तर कुटुंबाचा व्यवसाय झाला. आपल्याकडे गायकीची घराणी आहेत. तसे हे बाहुल्यांचे घराणे म्हणायला हरकत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. ज्या कलेचा आवाका तोवर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत होता, ती आता दिवाणखान्यात पोहोचली. बोलक्या बाहुल्यांना हे माध्यम मानवले. जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे मात्र ओठाची पुसटशी हालचालही लपत नाही. म्हणजे संधी मोठी आणि कसोटी त्याहून मोठी. १९८३ च्या ‘महान’ चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी बाहुल्यासह रंगवलेल्या प्रसंगाला पाध्ये यांच्या कलेचे साहाय्य होते. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतील खिदळणारा ससा तर दूरदर्शनच्या त्या पिढीतील प्रत्येक मुलाच्या ओळखीचा. तो पाध्यांच्याच घरातला.

आणि १९९३ साली आला महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेला भोळा शब्दभ्रमकार आणि त्याच्या बाहुल्यात शिरलेला कुख्यात गुंड तात्या विंचू. माणूस तात्या विंचू साकारला दिलीप प्रभावळकर यांनी. बाहुला तात्या विंचू घडला पाध्यांच्या हातून. ज्या बाहुल्यांना पाहून मुले हसत आली, त्याच जातीच्या बाहुल्याला पाहून मुले आईच्या कुशीत शिरू लागली! हसवणे आणि भिववणे ही दोन्ही टोके एकाच कलेने गाठली. २०१३ साली या चित्रपटाचा दुसरा भाग त्रिमितीत आला, तेव्हा पहिला भाग पाहून घाबरलेली मुले स्वतःच्या मुलांना घेऊन चित्रपटगृहात गेली.

यात एक गंमत दडलेली आहे, तशीच एक खंतही. तात्या विंचू कोण, हे शेंबडे पोरही सांगेल. लिज्जतचा ससा कोणालाही आठवेल. पण त्यांच्यामागे कोणाचे हात होते, हे किती जणांना ठाऊक असते? बाहुलीकाराची कीर्ती बाहुलीच्या नावावर जमा होते. नटाला स्वतःचा चेहरा असतो, गायकाला स्वतःचा आवाज. याला दोन्ही दुसऱ्याला देऊन टाकावे लागतात. आपल्या परंपरेत अनाम शिल्पकारांनी लेणी कोरली आणि नावे न कोरता ते निघून गेले. त्या निरहंकाराशी नाते सांगणारी ही कला आहे. तथापि, कलावंताने अनाम राहणे हा त्याचा मोठेपणा. समाजाने त्याला अनाम ठेवणे हा मात्र मोठेपणा नव्हे.

अबोल बाहुल्यांना पुन्हा वाचा

पाध्ये दांपत्याच्या कार्यातील एका प्रकरणाचा येथे अगत्याने उल्लेख केला पाहिजे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. महाराष्ट्रात हा दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तसे काही मराठीत करण्याची आज्ञा दिली, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. १८५१ साली चिंतामणराव गेले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांनी गावोगाव फिरून, तिकीट लावून नाटके केली, हेही अनेकांना माहीत असते. परंतु भावे हे स्वतः कुशल बाहुलीकार होते, त्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या घडवल्या होत्या, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मराठी रंगभूमीचा जनक आणि बाहुल्यांचा सूत्रधार ही एकच व्यक्ती होती!

काळाच्या ओघात त्या बाहुल्या मूक झाल्या होत्या. रामदास आणि अपर्णा पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली, त्यांच्या हालचाली पुन्हा जुळवल्या आणि त्याच बाहुल्यांकरवी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले. शतकाहून अधिक वयाचे लाकूड पुन्हा चालू लागले. हे काम पैशासाठी होत नाही. जो वडिलांच्या बाहुल्याला बोलता ठेवतो, त्यालाच पूर्वसूरींच्या बाहुल्यांचे मौन सहन होत नाही.

गोठ्यातील संग्रहालय

मुंबईत लोकाश्रय तरी होता. कोकणात कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावचे चित्र पाहा. तेथील ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांच्या आधारे रामायण-महाभारतातील कथा सांगत आला. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. संस्थाने गेली, करमणुकीची साधने बदलली आणि घरातील पोथ्या-बाहुल्या माळ्यावर गेल्या. अशा काळात परशुराम विश्राम गंगावणे यांनी वडिलांकडून मिळालेली ही विद्या सोडली नाही. आपल्या गुरांच्या गोठ्यातच त्यांनी कलांगण उभारले, जुनी चित्रे व बाहुल्या तेथे जपल्या आणि मुलांना त्या खेळवायला शिकवल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पाध्ये आणि गंगावणे यांची जगे भिन्न आहेत. एकाचा बाहुला कोट घालून मुंबईच्या सभागृहात विनोद करतो. दुसऱ्याचा पडद्याआडून रामकथा सांगतो. एकाची विद्या परदेशातून येऊन मराठी झाली. दुसऱ्याची याच मातीत उगवली. तरीही दोघांची कथा अंतर्यामी एकच आहे. दोघांनाही वडिलांकडून पेटीभर बाहुल्या मिळाल्या. पण पेटी म्हणजे वारसा नव्हे. ती पेटी उघडून आपला हात, आपला कंठ आणि आपले आयुष्य तिला देण्याची तयारी, हा खरा वारसा. तो रक्तातून आपोआप उतरत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने कमवावा लागतो. रामदासांचे पुत्र सत्यजित यांनी सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही बाहुल्यांची वाट धरली. पदवी आणि बाहुली यांतील निवड आजोबांपासून नातवापर्यंत चालत आलेली नाही. ज्याने त्याने ती आपापल्या काळात, आपापल्या जबाबदारीवर केली.

श्रोतेहो, येथे प्रश्न आपल्याकडे वळतो. ज्या घरात मुले-नातवंडे पुढे आली, तेथील बाहुल्या बोलत्या राहिल्या. जेथे कोणी आले नाही, तेथील बाहुल्यांचे काय? केवळ घराण्यांच्या भरवशावर कला किती काळ टिकतील? शाळेत आपण मुलांना चित्रकला शिकवतो, गाणे शिकवतो. जुन्या मोज्याला दोन बटणे लावून त्याला बोलते करायला का शिकवू नये? लाजरे मूल जे स्वतः बोलत नाही, ते बाहुलीच्या तोंडून धीटपणे बोलते, हा अनुभव अनेक शिक्षक सांगतील. वाढदिवसाला यंत्रावर चालणारी खेळणी आणणारे पालक एखाद्या बाहुलीकाराचा प्रयोग योग्य मानधन देऊन ठेवू शकतात. पुरस्कार कलावंताचा गौरव करतात. त्याची चूल मात्र प्रयोगांवर पेटते. राजाश्रय गेला तेव्हा भाव्यांना तारले ते तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाने. तो प्रेक्षक कोणी दुसरा नव्हता. तो आपलाच पणजोबा होता.

संग्रहालये हवीतच, त्यांच्याविना जुने काही हाती लागणार नाही. पण ज्या समाजाच्या बाहुल्या केवळ काचेआड बसून राहतात, त्याने आपले एक गमतीचे, खरे बोलणारे तोंड मिटून घेतले, असे समजावे. अर्धवटरावांनी ते उघडे ठेवले आहे. त्यांच्या पाठीमागे हात घालणारा आणि ओठ न हलवता त्यांना बोलवणारा उद्याचा कोणी एक मुलगा किंवा मुलगी आज कोठेतरी आरशासमोर बसून ‘प, फ, ब, भ, म’ घोकत असेल. त्या मुलाला ‘हा कसला पोरखेळ!’ असे न म्हणणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.